कुणा एका डिटमारच्या नावाने

१९६९ सालच्या ईस्टरच्या सुट्टीत मेलबर्न शहरात विज्ञानकथा वाचणाऱ्यांचे एक संमेलन भरले. ग्रंथदिंडी नाही, मंडप नाही, स्वागताध्यक्ष म्हणून कुणी मंत्री नाही. जमलेली मंडळी एकमेकांना नावानिशी ओळखणारी होती. तरीही या संमेलनाने एक मोठेपणाचा उद्योग केला: राष्ट्रीय पुरस्कार जाहीर केले. सर्वोत्तम ऑस्ट्रेलियन विज्ञानकथेचा मान ए. बर्ट्रम चँडलर यांच्या ‘फॉल्स फादरलँड’ या कादंबरीला मिळाला. परदेशी लेखनात थॉमस डिश यांची ‘कॅम्प कॉन्सन्ट्रेशन’ निवडली गेली, समकालीन लेखक म्हणून ब्रायन ऑल्डिस. आणि चौथा पुरस्कार होता एका हौशी नियतकालिकाला, जॉन बँगसंड संपादित करत असलेल्या ‘ऑस्ट्रेलियन सायन्स फिक्शन रिव्ह्यू’ला. पोट भरण्यासाठी नव्हे, खिशातले पैसे घालून काढलेल्या या नियतकालिकाला कादंबरीच्या मांडीला मांडी लावून बसवले गेले.

पुरस्काराचे नाव ‘डिटमार’. हा डिटमार म्हणजे कुणी स्वर्गवासी महापुरुष असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो मेलबर्नमध्येच राहत होता आणि पुरस्कार ठरवणाऱ्या मंडळींपैकीच एक होता. मार्टिन जेम्स डिटमार जेन्सन हे त्याचे पूर्ण नाव, मित्रांत डिक. पुरस्काराला नाव काय द्यावे यावर खल चालला होता, तेव्हा जेन्सन यांनी थट्टेत आपले मधले नाव सुचवले आणि खर्चाला हातभार लावायची तयारी दाखवली. थट्टा मंजूर झाली. दानशूरांची नावे सभागृहांना आणि धर्मशाळांना देण्याची रीत जगात सगळीकडे आहे, पण सुरुवातीचे थोडे पैसे देऊन राष्ट्रीय पुरस्कारावर कायमचे नाव कोरून घेणारा माणूस विरळा. आज अर्धशतक उलटल्यावरही ऑस्ट्रेलियाच्या विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि भयकथा क्षेत्रातला चाहत्यांच्या मतांवर दिला जाणारा मुख्य पुरस्कार हाच आहे.

जेन्सन हे केवळ हौशी वाचक नव्हते. मेलबर्न विद्यापीठात ते हवामानशास्त्र शिकवत. त्याही आधी, विद्यार्थिदशेत, ‘सायरॅक’ या संगणकावर त्यांनी हवामानाच्या अंदाजाचे गणित चालवले होते. सायरॅक १९४९ साली सिडनीत चालू झालेला, ऑस्ट्रेलियातला पहिला संगणक. सुमारे दोन हजार व्हॉल्व्ह असलेले हे धूड १९५५ मध्ये मेलबर्नला हलवले गेले आणि १९६४ पर्यंत तिथे राबले. आता ते संग्रहालयात आहे. भोके पाडलेल्या कागदी पट्ट्या यंत्राला भरवून उद्याच्या वाऱ्याची दिशा विचारणारा हा तरुण संध्याकाळी क्लबात जाऊन परग्रहांच्या गोष्टींवर वाद घालत असे. पुढे अंटार्क्टिकाच्या हिमस्तराचे गणिती प्रारूप मांडणाऱ्यांतही त्यांचे नाव आहे. निवृत्तीनंतर संगणकावर चित्रे काढून त्यांनी हौशी नियतकालिकांची मुखपृष्ठे केली. सही अर्थातच ‘डिटमार’.

पण १९६९ मध्ये मूठभर वाचकांना राष्ट्रीय पुरस्कार देण्याची गरज का वाटली? त्याचे मूळ तीस वर्षे मागे, जकात खात्याच्या फायलींत आहे.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ऑस्ट्रेलिया हा स्टर्लिंगच्या गोटातला देश होता आणि डॉलर वाचवणे हे सरकारचे पहिले काम. अमेरिकेतून येणाऱ्या अनावश्यक मालावर बंधने आली आणि १९४० मध्ये अमेरिकन ‘पल्प’ मासिके आयात करायला बंदी झाली. स्वस्त कागदावरची, भडक मुखपृष्ठांची ही मासिके म्हणजेच त्या काळातली विज्ञानकथा. पुस्तकरूपाने ती जवळजवळ मिळतच नसे. युद्ध संपले तरी बंदी उठली नाही. डॉलरची चणचण हे कारण होतेच, शिवाय असल्या वाचनाने पोरे बिघडतात असे मानणारे लोकही होतेच. बंदी सैल व्हायला १९५० चे दशक संपत यावे लागले. जवळजवळ वीस वर्षे ऑस्ट्रेलियन वाचक ब्रिटनमध्ये छापलेल्या, पाने कमी केलेल्या आवृत्त्यांवर आणि परदेशातल्या पत्रमित्रांनी टपालाने धाडलेल्या अंकांवर तहान भागवत राहिला.

पोकळी दिसली की व्यापारी येतोच. सिडनीत १९५० मध्ये ‘थ्रिल्स इन्कॉर्पोरेटेड’ नावाचे मासिक निघाले. रोबो, रॉकेट आणि किंचाळणाऱ्या सुंदऱ्या असा त्याचा मसाला. लेखकांना शब्दावर पैसे मिळत आणि काहींनी सरळ अमेरिकन मासिकांतल्या कथा नावे बदलून आपल्या म्हणून खपवल्या. मूळ अंक देशात येतच नाहीत, मग ओळखणार कोण, हा हिशेब. तो चुकला, कारण बंदी चुकवून ते अंक जपणारे दोन-चार वेडे प्रत्येक शहरात होते आणि त्यांना या कथा पाठ होत्या. मासिक १९५२ मध्ये बंद पडले.

या वेड्यांची पहिली टिकाऊ संघटना ‘फ्यूचरियन सोसायटी ऑफ सिडनी’. नोव्हेंबर १९३९ मध्ये ती स्थापन झाली तेव्हा सभासद शाळकरी किंवा नुकतीच शाळा सोडलेले होते. व्हॉल मोल्सवर्थ या त्यांच्यातल्याच एकाने पुढे ऑस्ट्रेलियन चाहत्यांचा इतिहास लिहिला आणि तो वाचताना मौज वाटते ती भांडणांची. अविश्वासाचे ठराव, हकालपट्ट्या, प्रतिस्पर्धी मंडळे, घटनादुरुस्ती. मंडळ काढणे आणि मंडळ फोडणे या कलांत मराठी माणूसच तरबेज आहे असा समज असलेल्यांनी हा इतिहास जरूर चाळावा. पण याच तंटेखोरांनी १९५२ मध्ये सिडनीला पहिले ऑस्ट्रेलियन संमेलन भरवले आणि त्यांच्यातले ग्रॅहम स्टोन यांनी विज्ञानकथा मासिकांच्या सूची तयार करण्यात आयुष्य घालवले.

सूची करण्याचा हा नाद नीट पाहण्यासारखा आहे. जिथे अंक मिळत नाहीत तिथे कुठल्या अंकात काय होते याची नोंद हीच संपत्ती ठरते. मुख्य भूमीपासूनही दूर असलेल्या टास्मानिया बेटावर डोनाल्ड टक नावाच्या गृहस्थाने नोकरी सांभाळून विज्ञानकथा आणि फँटसीचा कोश रचला. १९५४ मध्ये त्याचे पहिले रूप हौशी छपाईत निघाले. वाढत वाढत तो तीन खंडांचा झाला आणि अमेरिकेत छापला गेला. शेवटच्या खंडाला १९८४ मध्ये जागतिक विज्ञानकथा संमेलनात दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार मिळाला. ज्या देशाने मासिके अडवली त्या देशाच्या एका टोकाच्या बेटावर त्या मासिकांचा कोश तयार व्हावा, हे विज्ञानकथेतही जरा ओढूनताणून आणलेले वाटले असते.

मेलबर्नचा विज्ञानकथा क्लब १९५२ चा. संस्थापकांपैकी रेस मॅथ्यूज पुढे मजूर पक्षात गेले, विरोधी पक्षनेते गॉफ व्हिटलम यांचे प्रमुख खासगी सचिव झाले, खासदार झाले, व्हिक्टोरिया राज्यात पोलीस खात्याचे मंत्रीही झाले. मर्व्हिन बिन्स हे दुसरे. ते मॅकगिल्स या मोठ्या वृत्तपत्र-पुस्तक दुकानात नोकरीला होते आणि परदेशी पुस्तके मागवताना विज्ञानकथांचे माप जरा झुकते ठेवत. दुकानाच्या मालकीच्या, सॉमरसेट प्लेस या गल्लीतल्या गोदामाच्या माळ्यावर क्लबाला जागा मिळाली. तिथे ग्रंथालय होते, टेबल टेनिस होते, जुने चित्रपट दाखवले जात. १९५६ च्या ऑलिंपिकच्या वर्षी मेलबर्नने संमेलनही भरवले. मात्र १९५८ नंतर उत्साह ओसरला. कित्येक वर्षे ऑस्ट्रेलियात संमेलनच झाले नाही.

ते पुन्हा भरले १९६६ च्या ईस्टरला, आणि या वेळी हाती काही वेगळी माणसे लागली. बँगसंड, ली हार्डिंग, जॉन फॉयस्टर. संमेलन संपताच महिन्या-दोन महिन्यांत त्यांनी ‘ऑस्ट्रेलियन सायन्स फिक्शन रिव्ह्यू’ काढले. स्टेन्सिल कापायची, हाताने यंत्र फिरवायचे, पाने जुळवून टाचायची आणि पोस्टात टाकायची अशी ही छपाई. पण मजकूर असा की अमेरिका आणि ब्रिटनमधले लेखक पत्रे लिहू लागले. दोन वर्षे लागोपाठ ते ह्यूगोच्या अंतिम यादीत होते. बँगसंड हे हाडाचे संपादक. दुसऱ्याच्या मुद्रितशोधनावर टीका करणाऱ्या मजकुरात हमखास मुद्रणदोष सापडतोच, हा ‘मफ्री’चा नियम त्यांनीच पुढे १९९२ मध्ये मांडला. जगभरचे मुद्रितशोधक तो आजही एकमेकांना ऐकवतात, नियमाचे जनक कोण हे बहुतेकांना माहीत नसते.

तर १९६९ चा चौथा पुरस्कार कुणाला होता, ते आता लक्षात येईल. ज्यांनी संमेलन पुन्हा उभे केले, वादाला व्यासपीठ दिले, देशातल्या लेखकाला ‘तू लिही, आम्ही वाचतो’ असे सांगितले, त्यांच्या कष्टांची ती पावती होती. ऑस्ट्रेलियात तेव्हा विज्ञानकथेला स्वतंत्र प्रकाशक जवळजवळ नव्हता, वृत्तपत्रांत परीक्षण येत नसे, विद्यापीठात तर नावच नको. लेखकाला वाचक, समीक्षक आणि सूचीकार पुरवणारे एकच खाते होते: चाहते. म्हणून डिटमारच्या यादीत चाहत्यांचे नियतकालिक, चाहता लेखक, चाहता चित्रकार असे विभाग येतात ते कुणाला खूश करण्यासाठी नव्हे. ही माणसे वजा केली तर उरलेल्या विभागांत पुरस्कार द्यायला फारसे कुणी राहिलेच नसते.

पहिले मानकरी चँडलर यांचे आयुष्य मात्र या साऱ्या टंकलेखन-मुद्रणाच्या जगापासून फार निराळे. जन्म १९१२ मध्ये इंग्लंडातला, पोरवयातच व्यापारी जहाजावर. युद्धकाळात न्यूयॉर्कला जहाज लागले की ते ‘अस्टाउंडिंग’ मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांना भेटायला जात, वाचक म्हणून गेलेला हा खलाशी कॅम्पबेलनी लेखक करून परत पाठवला. १९५६ मध्ये ते ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या जहाजांवर अधिकारी, मग कप्तान म्हणून राहिले. त्यांचा नायक जॉन ग्राइम्स अंतराळयानाचा कप्तान आहे, पण त्याची कटकट, त्याचा दारूचा साठा, बंदरातल्या कारकुनांशी त्याचे खटके हे सगळे समुद्रावरचे. ग्राइम्स आकाशगंगेच्या कडेला, ‘रिम’वर, वावरतो, पलीकडे काळोख. सिडनीहून लंडन आणि न्यूयॉर्ककडे पाहणाऱ्या माणसाला ही कडा कल्पनेने शोधावी लागली नसणार.

‘फॉल्स फादरलँड’ ही सिडनीच्या हॉरविट्झ या स्वस्त पुस्तकांच्या प्रकाशनाने १९६८ मध्ये काढलेली कादंबरी. फक्त पुरुषांची वस्ती असलेला, स्पार्टाच्या धर्तीवर चालणारा एक ग्रह आणि तिथे ग्राइम्सचे आगमन. अभिजात साहित्यात तिची गणना कुणी करणार नाही. त्याच वर्षीच्या डिश यांच्या कादंबरीशेजारी ती हलकीच वाटते. पण ती देशात लिहिली आणि पुस्तकरूपाने देशातच प्रथम छापली गेली, हे मत देणाऱ्यांच्या दृष्टीने पुरेसे होते, आणि त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. चँडलर पुढेही डिटमारचे मानकरी ठरले. १९८२ मध्ये शिकागोच्या जागतिक संमेलनात ते सन्माननीय पाहुणे होते. आणि त्यांच्या शेवटच्या कामगिरीची कथा त्यांच्याच एखाद्या पुस्तकात शोभावी अशी: ऑस्ट्रेलियाची विमानवाहू नौका ‘मेलबर्न’ सेवेतून काढून भंगारात जाण्याची वाट पाहत नांगरून पडली होती. रिकाम्या जहाजावरही कायद्याने एक अधिकारी हवा. ते काम या कप्तानाकडे आले. १९८४ मध्ये ते वारले. ऑस्ट्रेलियन सायन्स फिक्शन फाउंडेशनने १९९२ पासून दीर्घ सेवेसाठी दिला जाणारा पुरस्कार त्यांच्या नावाने सुरू केला.

डिटमारची सुरुवातीची वर्षे पाहिली तर मतदारांची अभिरुची बिनधास्त होती असे दिसते. १९७० मध्ये देशी विभागात ली हार्डिंग यांची ‘डान्सिंग जेरॉन्टियस’ ही कथा आणि परदेशी विभागात चक्क इटालो कॅल्व्हिनो यांची ‘कॉस्मिकॉमिक्स’. अमेरिकेतल्या चाहत्यांनी त्या काळी कॅल्व्हिनोला मत दिले असते का, शंकाच आहे. पुढच्याच वर्षी परदेशी विभागात ‘कोणालाही नाही’ हा पर्याय जिंकला. मतपत्रिकेवर ‘यातले कुणीच लायक नाही’ असे लिहिण्याची सोय जगातल्या बहुतेक साहित्य पुरस्कारांत नसते. परीक्षक मंडळींनी हे मनावर घ्यायला हरकत नाही.

मग आले १९७५. जागतिक विज्ञानकथा संमेलन पहिल्यांदा दक्षिण गोलार्धात, मेलबर्नच्या सदर्न क्रॉस हॉटेलात. ‘ऑसीकॉन’ हे त्याचे नाव. ते मिळवण्यासाठी इथल्या चाहत्यांनी काही वर्षे परदेशात प्रचार केला होता; ऑस्ट्रेलिया आणि उत्तर अमेरिका यांच्यातल्या चाहत्यांनी एकमेकांकडे जावे म्हणून वर्गणीचा एक प्रवासनिधीही फॉयस्टर यांनी सुरू केला होता, तो अजून चालू आहे. सन्माननीय पाहुण्या अर्सुला ल ग्विन. संमेलनाआधी शहराबाहेरच्या डँडेनाँग डोंगरात त्यांनी नवलेखकांची कार्यशाळा घेतली. तिथे लिहिलेल्या कथा आणि त्यांवरची चर्चा यांचे ‘द ऑल्टर्ड आय’ हे पुस्तक हार्डिंग यांनी संपादित केले. एका कार्यशाळेने पिढी घडते असे म्हणणे अतिशयोक्तीचे, पण ऑस्ट्रेलियात विज्ञानकथा छापणारी छोटी प्रकाशने त्या वर्षानंतर निघू लागली हे खरे. मेलबर्नने हे जागतिक संमेलन पुढे १९८५, १९९९ आणि २०१० मध्येही भरवले.

ऑसीकॉननंतरच्या वर्षी, १९७६ मध्ये, डिटमारबरोबर एक नवा पुरस्कार देण्यास सुरुवात झाली: समीक्षेसाठी ‘विल्यम अथलिंग ज्युनियर’ पुरस्कार. अथलिंग या टोपणनावाने कादंबरीकार जेम्स ब्लिश विज्ञानकथांची चिरफाड करत असत, ते १९७५ मध्येच वारले होते. गंमत म्हणजे ‘विल्यम अथलिंग’ हे नाव ब्लिश यांनी कवी एझ्रा पाउंडकडून उचलले. पाउंड संगीतसमीक्षा त्या नावाने लिहीत. समीक्षेला वेगळा राष्ट्रीय पुरस्कार देणारे चाहते जगात दुसरीकडे कुठे असतील तर फार थोडे. ऑस्ट्रेलियात मात्र ते स्वाभाविक होते, कारण इथली हौशी नियतकालिके गप्पांपेक्षा परीक्षणांवरच पोसली गेली. ब्रूस गिलेस्पी यांनी जानेवारी १९६९ मध्ये सुरू केलेल्या ‘एसएफ कॉमेंटरी’ने फिलिप डिक यांच्यावर गंभीर लेखन अशा काळात छापले, जेव्हा अमेरिकेत डिक यांना स्वस्त कादंबऱ्या पाडणारा लेखक समजत. पोलिश लेखक स्तानिस्वाव लेम यांचे निबंधही त्यात इंग्रजीतून आले.

जॉर्ज टर्नर यांची गोष्ट याच वाटेवरची. ते आधीच प्रतिष्ठित कादंबरीकार होते. देशातला सर्वांत मानाचा माइल्स फ्रँकलिन पुरस्कार त्यांना १९६२ मध्ये थिया अॅस्टली यांच्यासह विभागून मिळाला होता. विज्ञानकथा ते गुपचूप वाचत. बँगसंड यांच्या नियतकालिकात १९६७ मध्ये त्यांनी अल्फ्रेड बेस्टर यांच्या गाजलेल्या ‘द डिमॉलिश्ड मॅन’वर कठोर लेख लिहिला आणि खळबळ उडाली. टीका करता करता साठीच्या घरात ते स्वतःच विज्ञानकथा लिहू लागले. ‘बिलव्हेड सन’ला डिटमार मिळाला. ‘द सी अँड समर’ या १९८७ च्या कादंबरीत हवामान तापून पाण्याखाली जाणारे मेलबर्न आणि बुडत्या इमारतींत कोंबलेले बेकार लोक आहेत; तिला ब्रिटनचा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळाला. ‘हवामानबदलाची कादंबरी’ हा प्रकार अजून बाजारात यायचा होता. चाहत्यांच्या टाचलेल्या पानांत समीक्षा लिहिली नसती तर टर्नर या वाटेला वळले असते का, सांगणे अवघड आहे.

याचा अर्थ सगळे गोड होते असा नाही. मत संमेलनाच्या सभासदांचे, सभासद मोजके, त्यामुळे ओळखीपाळखीवर निकाल लागतो ही तक्रार डिटमारच्या पाचवीला पुजलेली. पर्थच्या मंडळींना मेलबर्नच्या मंडळींचा संशय, मेलबर्नच्यांना सिडनीच्यांचा. विभाग कधी वाढत, कधी कमी होत. नियमांवर वार्षिक सभेत तासन् तास वाद. स्मृतिचिन्हाचे रूपही ठरलेले नाही, ज्या शहरात संमेलन त्या शहराची मंडळी ते ठरवतात. ‘आपले आपण कौतुक करून घेण्याचा सोहळा’ हा टोमणा यातून आला आणि तो अगदीच निराधार नव्हता. १९९५ मध्ये ‘ऑरियालिस’ मासिकाच्या प्रकाशकांनी परीक्षकांनी निवडायचे ‘ऑरियालिस पुरस्कार’ सुरू केले. विज्ञानकथा, फँटसी, भयकथा, किशोर साहित्य अशी रीतसर दालने, रीतसर परीक्षक. आता दोन्ही पुरस्कार शेजारी-शेजारी नांदतात. ऑरियालिसच्या दालनांत चाहत्यांच्या कामाला जागा नाही, एवढा एक फरक मात्र डोळ्यांत भरतो.

सगळ्यात अवघड प्रसंग आणला तो ग्रेग एगन यांनी. पर्थचे हे लेखक गणित आणि भौतिकशास्त्र यांना कथेचे कथानकच करून टाकतात. ‘क्वारंटाइन’ आणि ‘पर्म्युटेशन सिटी’ या त्यांच्या कादंबऱ्यांना नव्वदच्या दशकात डिटमार मिळाले होते. ते संमेलनांना जात नाहीत, आपला फोटो कुठे छापू देत नाहीत. २००० मध्ये ‘टेरानेशिया’ला डिटमार जाहीर झाला आणि एगन यांनी तो नम्रपणे नाकारला. देशातला जगभर सर्वाधिक गाजलेला विज्ञानकथाकार देशातल्या वाचकांचा पुरस्कार घेत नाही, हे मतदारांना लागले असणार. तरी त्यात अपमान शोधण्याचे कारण नाही. डिटमार हा पुरस्कारापेक्षा सभासदत्वाच्या अधिक जवळचा आहे आणि एगन यांना कुठल्याच मंडळाचे सभासद व्हायचे नव्हते.

टास्मान समुद्रापलीकडे न्यूझीलंडने पुरस्काराचे नाव निवडताना थट्टा केली नाही, इतिहास उकरला. २००२ पासून तिथल्या विज्ञानकथा आणि फँटसी संघटनेतर्फे दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांचे नाव सर ज्युलियस व्होगेल. हे गृहस्थ देशाचे पंतप्रधान होते. लंडनमध्ये १८३५ साली ज्यू कुटुंबात जन्मलेले व्होगेल सोन्याच्या शोधात आधी ऑस्ट्रेलियात आणि १८६१ मध्ये न्यूझीलंडच्या ओटागो प्रांतात आले. सोने सापडले नाही, वर्तमानपत्र सापडले. त्याच वर्षी त्यांनी भागीदारीत काढलेले ‘ओटागो डेली टाइम्स’ आजही निघते. मग राजकारण. अर्थखाते हाती आल्यावर १८७० मध्ये त्यांनी दहा वर्षांत एक कोटी पौंड कर्ज काढून रेल्वे, रस्ते आणि वसाहतकरी आणण्याची योजना मांडली. दशकाच्या सुरुवातीला शंभर किलोमीटरही नसलेली रेल्वे दशकाअखेर दीड हजार किलोमीटरांच्या पलीकडे गेली, आणि कर्जही तसेच वाढले. देश घडवणारा की देश गहाण टाकणारा, हा व्होगेल यांच्याविषयीचा वाद न्यूझीलंडच्या इतिहासकारांत मिटलेला नाही.

१८८७ मध्ये त्यांनी स्त्रियांना मताधिकार देणारे विधेयक संसदेत आणले. ते पुढच्या टप्प्यावर अडकले. संधिवाताने खुर्चीला खिळलेले, पैशांच्या ओढाताणीत सापडलेले व्होगेल इंग्लंडला परतले आणि १८८९ मध्ये त्यांनी एक कादंबरी छापली: ‘अॅनो डॉमिनी २०००’, उपशीर्षक ‘वुमन्स डेस्टिनी’. संघराज्य झालेले ब्रिटिश साम्राज्य, अॅल्युमिनियमची हवाई जहाजे आणि राज्यकारभार बहुतांशी स्त्रियांच्या हाती. नायिका हिल्डा फिट्झहर्बर्ट विशीतच मंत्रालयात उच्च पदावर आहे. अमेरिकेची अध्यक्षही स्त्री. सम्राटाने तिच्या मुलीशी लग्न करावे हा तिचा हट्ट मोडतो आणि दोन देशांत युद्ध जुंपते. कथानक असे नाटकी, संवाद अर्थसंकल्पीय भाषणासारखे. पुस्तक खपले नाही. १८९९ मध्ये व्होगेल वारले, पण त्याआधी १८९३ मध्ये न्यूझीलंड स्त्रियांना राष्ट्रीय मताधिकार देणारा पहिला स्वयंशासित देश झालेला त्यांनी पाहिला होता.

आणि खरोखरचे इसवी सन २००० उजाडले तेव्हा न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क होत्या, विरोधी पक्षनेत्या जेनी शिप्ली, सरन्यायाधीश शॉन इलायस, महान्यायवादी मार्गारेट विल्सन. हवाई जहाजांचा अंदाज आणखी कुणीही केला असता. हा अंदाज करायला मात्र संसदेत ते विधेयक हरलेला माणूस लागला. दोन वर्षांनी चाहत्यांनी पुरस्काराला त्याचे नाव दिले, हे योग्यच झाले. या पुरस्कारांतही कादंबरी, कथा, चित्र यांच्या बरोबरीने चाहत्यांचे लेखन, चाहत्यांची प्रकाशने आणि चाहत्यांसाठी केलेली सेवा असे विभाग आहेत.

व्होगेल पुरस्कारांना जगाचे प्रेक्षक मिळायचे होते ते २०२० मध्ये. जागतिक संमेलन वेलिंग्टनला, ‘कॉनझीलंड’ नावाने, न्यूझीलंडमध्ये पहिल्यांदाच. मार्चमध्ये कोविडमुळे देशाने सीमा बंद केल्या. जुलैअखेर संमेलनाचे दिवस आले तेव्हा न्यूझीलंडमध्ये साथ जवळपास आटोक्यात होती, सभागृहे उघडी होती, पण पाहुण्यांना देशात येता येत नव्हते. सगळे संमेलन संगणकाच्या पडद्यावर झाले. असे होणारे ते पहिलेच जागतिक संमेलन. ह्यूगो सोहळ्याचे सूत्रसंचालन जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी अमेरिकेतून केले. तो तीन तासांहून अधिक लांबला, विजेत्यांची आणि नामांकितांची नावे चुकीची उच्चारली गेली, जुन्या आठवणींनी तरुण लेखक वैतागले आणि त्यावर टीका पुढे बरेच दिवस चालली. व्होगेल पुरस्कार त्याच संमेलनात, वेगळ्या कार्यक्रमात दिले गेले. त्या पुरस्कारांच्या मतदारांपैकी अनेक जण तो कार्यक्रम न्यूझीलंडमध्येच, आपापल्या घरी बसून पाहत होते.